खजिना जागच्या जागी

आज एका खेळाबद्दल बोलायचं आहे. खेळाचं नाव जिओकॅशिंग. हे नाव घेतलं की आमच्या तलवाड्यात पहिला प्रश्न येतो, "कॅश किती मिळते?" म्हणून आधीच सांगून टाकतो. यातली कॅश म्हणजे रोकड नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. पृथ्वीच्या पाठीवर कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला सांगतो आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. डब्यात सोनंनाणं नसतं. एक वही असते. सापडला की वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथं, होता तसा ठेवून द्यायचा. एवढाच खेळ.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याला या खेळाचा नाद. ईदला गावी आला तेव्हा मोबाइलवर नकाशा उघडून बसला. मुंबई, पुणे, गोवा या बाजूला त्याला ठिपके दिसत होते. गेवराई तालुका मात्र कोरा. म्हणाला, "मामू, आपल्या भागात कुणी काहीच लपवलेलं नाही." मला हसू आलं. ज्या भागात प्रत्येक पडक्या वाड्याखाली हंडा आहे असं लोक पिढ्यान् पिढ्या मानत आले, तिथं काहीच लपवलेलं नाही म्हणे! हसू आलं आणि पाठोपाठ पन्नास वर्षांपूर्वीची एक रात्रही आठवली. तिच्याकडे येतोच. आधी या खेळाचा इतिहास सांगतो.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. त्यांचे संदेश पकडून आपण कुठं उभे आहोत हे छोटं यंत्र सांगू शकतं. ही सोय मुळात लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री ती निघाली. शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. गल्लीपर्यंत पोचवणारा पत्ता एका रात्रीत दारापर्यंत पोचवू लागला.

३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या माणसानं ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. आत पुस्तकं, चित्रफिती, एक गलोल, घेवड्याचा एक डबा, वही आणि पेन्सिल. जागेचे आकडे त्यानं जाहीर केले आणि एक नियम सांगितला: काही घ्या, काही ठेवा. माइक टीग या माणसानं ती बादली आधी शोधली. मे महिना संपायच्या आत मॅट स्टम यांनी या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

पण लपवून शोधायला लावण्याची ही हौस उपग्रहांच्याही आधीची. इंग्लंडात डार्टमूर नावाचा दलदलीचा, निर्जन माळ आहे. तिथल्या क्रॅनमियर पूल या आडजागी जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं १८५४ मध्ये एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यानं आपलं नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकावं, म्हणजे 'मी इथं आलो होतो' याची साक्ष राहील. पुढं त्या माळावर पेट्या वाढल्या, शिक्के आले, कोड्यात दिलेल्या खुणा आल्या. जिओकॅशिंगचा हा आजोबा.

आता या खेळातल्या कोड्यांच्या जाती पाहू. सगळ्यात सोपी म्हणजे सरळ डबा. आकडे दिलेले असतात, तिथं जायचं आणि शोधायचं. सोपं वाटतं, पण यंत्र पाच-दहा मीटरपर्यंत आणून सोडतं, पुढं डोळे चालवावे लागतात. डबा बादलीएवढा असेल किंवा सदऱ्याच्या गुंडीएवढा. पोकळ दगडात असेल, लोखंडी कठड्याला चुंबकानं चिकटवलेला असेल, पक्ष्याच्या खोट्या घरट्यात असेल. प्रत्येक डब्याला दोन अंगांनी एक ते पाच गुण देतात: कोडं किती अवघड आणि वाट किती अवघड. वाटेचा एक गुण म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही तिथं पोचता येईल. पाच म्हणजे होडी किंवा दोर लागेल.

दुसरी जात टप्प्याटप्प्यांची. पहिल्या जागी डबा नसतो, खूण असते. पायऱ्या किती, पाटीवरचं साल कोणतं, कमानी किती ते मोजा. त्या आकड्यांचा हिशेब करा, की दुसऱ्या जागेचा पत्ता निघतो. तिथून तिसऱ्या. या खेळाची खरी गंमत मला इथं वाटते. ज्या पाटीकडं आपण वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही ती वाचावी लागते. गेवराई तालुक्यातच गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. शनिमहाराजांच्या दर्शनाला लोक जातात. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथं माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला, हे दर्शनाला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं? अशा जागी कुणी टप्प्यांचं कोडं रचलं, तर नदीचा पूर, अलीकडचा काठ, पलीकडचा काठ हे सगळं चालून समजेल.

आकड्यांनी पृथ्वीवरचा एक ठिपका पक्का करायचा आणि तिथं खूण ठेवायची, हे काम आपल्या देशात दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालं. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासेत पायाची रेषा मोजायला सुरुवात केली. साखळ्या आणि अर्ध्या टनाचं कोनमापक घेऊन त्यांची माणसं टेकडीवरून टेकडीवर, देवळाच्या शिखरावरून किल्ल्याच्या बुरुजावर चढत उत्तरेला सरकत राहिली. लॅम्ब्टन आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारले. त्यांची कबर तिथं आहे. या मोजणीच्या ठाण्यांवर दगडात एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका कोरलेला असे. कित्येक ठाण्यांवर वरच्या खुणेच्या बरोबर खाली आणखी एक खुणेचा दगड पुरलेला असे, वरचा हलला तरी खालचा साक्ष देईल म्हणून. त्या दगडाखाली धन नव्हतं. तो ठिपका हेच धन, कारण त्यावर देशाचा नकाशा उभा राहिला.

तिसरी जात खऱ्या कोड्यांची. इथं दिलेले आकडे खोटे असतात, खरे आकडे कोड्यात दडलेले. कुठं अंकांचे चौकोन भरायचे असतात, कुठं सांकेतिक लिपी फोडायची असते. भाचा मला हे समजावून सांगत होता तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, ही विद्या आमच्या घरात दोन बाजूंनी आलेली आहे. एक मराठीच्या शाळेतून, दुसरी दादांच्या मांडीवरून.

शाळेत शास्त्रीबुवांनी शब्दांतून आकडे सांगायची जुनी रीत शिकवली होती. चंद्र एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, मुनी सात, नंद नऊ. शब्द ओळीनं लिहायचे आणि आकडे उलट्या बाजूनं वाचायचे. भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल असंच सांगून ठेवलं आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि पृथ्वी एक. सहा, तीन, शून्य, एक. उलट वाचा, शके १०३६. म्हणजे इसवी सन १११४. साल सुटतं, पण गाव सुटत नाही! सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या विज्जडविड नगरात आपण राहतो असं त्यांनी म्हटलं आहे. ते नगर कोणतं? कुणी विजापूर म्हणालं, कुणी आमचं बीड म्हणालं, कुणी चाळीसगावजवळचं पाटण. पाटणला डॉ. भाऊ दाजी लाड यांना शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची हकीकत त्यात आहे. त्यामुळे पाटणचं पारडं जड झालं. बीडकरांना थोडं वाईट वाटलं असेल. पण शोधात आपलं गाव निघालं नाही तरी शोध खोटा ठरत नाही.

दुसरी विद्या अबजदची. अरबी अक्षरांना आकडे दिलेले आहेत. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार. पुढं ये दहा, लाम तीस, मीम चाळीस, रे दोनशे, ते चारशे. ट्रकवर, दुकानाच्या पाटीवर, चिठ्ठीच्या डोक्यावर ७८६ हा आकडा आपण पाहतो, तो 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' या अक्षरांची बेरीज. जुने फारसी-उर्दू शायर इमारत बांधल्याचं, कुणाच्या जन्माचं, मरणाचं साल अशा बेरजेत बांधायचे. वाचणाऱ्याला अर्थ लागायचा आणि मोजणाऱ्याला साल. उर्दूत बीड लिहिलं की बे, ये आणि ड़े. ड़े ला रे चाच भाव मिळतो. दोन, दहा, दोनशे. बीड म्हणजे २१२. तलवाडा मात्र घोटाळा करतो. शेवटी 'हे' लिहिलं तर ६४२ आणि अलिफ लिहिला तर ६३८. चारचा फरक. भाचा म्हणाला, "मामू, कोड्यात एवढी चूक झाली तर माणूस दुसऱ्याच्या रानात जाईल." म्हटलं, म्हणून तर दादा म्हणायचे, आधी शुद्धलेखन, मग हिशेब.

आता ती रात्र. माझा जन्म पायांकडून झाला. आमच्याकडे अशा मुलाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, जमिनीतलं पाणीही कळतं, असा समज. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. म्हणून पाऊस आला की अम्मी मला उंबऱ्याच्या आत ओढायची. पण तिला विजेपेक्षा माणसांची भीती जास्त होती. तिचं भय उगाच नव्हतं. शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मानवतमध्ये, १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून झाले. मारल्या गेलेल्यांत लहान मुली होत्या, बायका होत्या. गुप्तधनाचा लोभ आणि अघोरी विधी यांचं नातं त्या खटल्यात पुढं आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या भागातल्या आया दिवेलागणीनंतर लेकरांना बाहेर सोडत नव्हत्या.

मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्री जेवणं झाल्यावर तिघेजण कंदील घेऊन आले. कोणत्या गावचे ते सांगत नाही. आता ते हयातही नसतील. दादा शिवणकाम करायचे. उर्दू-फारसी वाचता येणारे म्हणून लोक कागद वाचायला त्यांच्याकडे आणायचे. त्या तिघांनीही एक कागद आणला होता. जुनं घर पाडताना भिंतीच्या कोनाड्यात सापडलेला, पिवळा पडलेला. त्यावर नऊ घरांचा चौकोन आणि प्रत्येक घरात एक अंक. वरच्या ओळीत चार, नऊ, दोन. मधल्या ओळीत तीन, पाच, सात. खालच्या ओळीत आठ, एक, सहा. त्यांचं म्हणणं, हा धनाचा नकाशा आहे. राक्षसभुवनच्या लढाईत कुणी तरी सरदारानं पुरलेला. चार पावलं पूर्वेला, नऊ उत्तरेला, दोन परत, असं मोजून त्यांनी दोन खड्डे आधीच घेतलेही होते. काही लागलं नाही. आता कागद चाचांनी वाचावा आणि पायाळू लेकरू एका रात्रीपुरतं द्यावं.

"उजाडायच्या आत आणून सोडतो, चाचा. केसालाबी धक्का लागायचा नाही."

मी अम्मीच्या पाठीमागं उभा होतो. तिचा हात माझ्या मनगटाला असा आवळलेला होता की दुसऱ्या दिवशीही वळ होता. दादांनी कागद कंदिलाजवळ धरला. मग कापड बेतायचा खडू घेऊन फळीवर तोच चौकोन काढला आणि त्या तिघांतल्या धाकट्याला म्हणाले, "तुला शाळा झाली ना? आडवी बेरीज कर."

पंधरा. दुसरी ओळ पंधरा. तिसरी पंधरा. "आता उभी कर." पंधरा, पंधरा, पंधरा. "आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकी." तीही पंधरा. तो पोरगा खडू हातात धरून बघतच राहिला.

दादा म्हणाले, "हा नकाशा नाही, हा हिशेब हाय. चार कोपऱ्यांत दोन, चार, सहा, आठ हाय का बघा. अबजदात त्याचा 'बुदूह' असा शब्द होतो. आमचे लोक हा तावीज लिहितात. तुमच्याकडं यालाच पंधरिया यंत्र म्हणतात. घरात बरकत राहावी, बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून कुणी तरी भिंतीत ठेवला. ज्यानं ठेवला त्याच्या घरातलंच लेकरू असेल त्या वेळी पाळण्यात. धन तेच."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग थोरला म्हणाला, "बरं कागदाचं जाऊ द्या. लेकराचं काय?"

दादांनी खडू खाली ठेवला. "लेकरू काय कुदळ-फावडं हाय का, उसनं न्यायला?"

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. अम्मीनं चहा केला, तो घेऊन तिघे गेले. जाताना कागद तिथंच राहिला. दादांनी तो आपल्या पुस्तकात ठेवला. मला अनेक वर्षं वाटायचं की मी त्या रात्री वाचलो तो दादांच्या धाकामुळं. आता वाटतं, बेरजेमुळं वाचलो. कोडं सुटलं की त्याची भीतीही जाते आणि त्याचा लोभही जातो. सुटेपर्यंतच माणूस खड्डे घेत राहतो.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर तो कायदा अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या बहाण्यानं केलेली अमानुष कृत्यं त्यात गुन्हा ठरवली आहेत. धन आणि पाणी दोन्ही एकाच ओळीत. मराठवाड्यातल्या माणसाला ही ओळ वाचून नवल वाटणार नाही. आमच्याकडं जमिनीखालून काढावं असं दुसरं काय आहे?

जिओकॅशिंगमध्ये एक जात अशी आहे की तिथं डबाच नसतो. २००४ पासून ती सुरू झाली. जमीन कशी घडली याच्या एखाद्या जागी जायचं, पाहायचं, मोजायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. खडक, झरा, दरी हाच खजिना. आपलं लोणार अशा कोड्यासाठीच घडल्यासारखं आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर अशनीच्या आघातानं बेसाल्टच्या खडकात झालं. त्याचं वय आधी पन्नास-बावन्न हजार वर्षं मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनं ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास नेलं. म्हणजे शास्त्रज्ञांनाही पहिला आकडा खोडून दुसरा लिहावा लागतो.

आमच्या बीडजवळही असा, डब्याशिवायचा, खजिना आहे आणि त्याचं नावच खजाना. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधली. बांधणारा स्थपती राजा भास्कर. नुसतं नाव ऐकून लांबचा माणूस कुदळ घेऊनच येईल. येऊन पाहील तर काय, पाणी. विहिरीला तीन बोगदे आहेत. दोन पाणी घेऊन येतात, एक पाणी रानाकडे घेऊन जातो. उतार असा साधला आहे की मोट नको, बैल नको, पाणी आपल्या पायांनी चालत शेतात जातं. दुष्काळातही ही विहीर आटत नाही, अशी तिची ख्याती. बांधायला खजिना रिता झाला म्हणून खजाना, असं कुणी सांगतं. मला वाटतं, चारशे वर्षं जे खर्च होऊनही संपलं नाही त्याला दुसरं नाव कुणी काय देणार?

याच सलाबतखानाचं थडगं नगरजवळच्या डोंगरावर आहे. तीन मजली, अष्टकोनी, लांबून दिसणारं. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबीचा त्याच्याशी संबंध नाही. हेही एक कोडंच: पत्ता बरोबर, नाव चुकीचं. टप्प्यांचा खेळ रचणाऱ्यानं नगरचा डोंगर आणि बीडची विहीर एका दोऱ्यात ओवली, तर शाळेतल्या पोरांना निजामशाही पुस्तकाशिवाय कळेल.

गुप्तधन शोधणारा आणि हा डबा शोधणारा, दोघंही खुणा वाचतात, पावलं मोजतात, दगड उचलून पाहतात. वरून दोघं सारखेच दिसतात. फरक सापडल्यानंतरचा. पहिल्याला वाटतं, दुसऱ्या कुणाला कळू नये. म्हणून तो रात्री जातो, देवळाचा चौथरा उकरतो, दर्ग्याची फरशी उचलतो, किल्ल्याची भिंत पोखरतो. जुन्या वास्तूंचं अशा उकरण्यानं किती नुकसान झालं ते मराठवाड्यात फिरणाऱ्याला सांगायला नको. दुसऱ्याला वाटतं, माझ्यानंतर येणाऱ्यालाही सापडावा. उल्मरची ती पहिली बादली अर्धी जमिनीत रोवलेली होती. पण पुढं खेळाचे नियम ठरले तेव्हा पहिल्या काही नियमांत हे आलं: जमीन खणायची नाही, जागामालकाची परवानगी घ्यायची, पाहिलं ते मोडायचं नाही. खेळाडू एकत्र जमून त्या जागेवरचा कचराही उचलतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. डबा सापडला नाही तर तसं लिहायचं असतं. 'आलो, तासभर शोधलं, सापडला नाही.' ही नोंद लाजेची मानत नाहीत. तिच्यामुळं डबा हरवला असेल तर मालकाला कळतं. गुप्तधनाच्या गोष्टीत अशी नोंद कधीच नसते. तिथं सापडलं नाही की कुणाची तरी चूक असते. मुहूर्ताची, मंत्राची, नाही तर पायाळू पोराची.

भाचा परत जायच्या आधी आम्ही एक डबा केला. स्टीलचा, अम्मीच्या मसाल्याचा. जगाच्या नकाशावर घातला नाही. गावातल्या पोरांसाठीच ठेवला. आत वही, पेन्सिल, थोड्या गोट्या आणि दादांच्या त्या पंधराच्या चौकोनाची माझ्या हातानं केलेली नक्कल. माझ्याच रानात, बांधावरच्या दगडांच्या सांदीत ठेवला. खणलं नाही. मग पाच चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीत गेवराईचे अंश जुन्या रीतीनं: उत्तरेला 'नंद-चंद्र', पूर्वेला 'बाण-मुनी'. उलट वाचा, १९ आणि ७५. त्यावरून पोरांना अक्षांश-रेखांश म्हणजे काय ते कळलं. दुसरीत अबजद. तिसरीत त्वरितादेवीच्या देवळाकडे जाऊन मोजायची एक गोष्ट, चौथीत मशिदीकडे. पाचवीत बांधावरच्या झाडाची खूण. शाळेतल्या गुरुजींना चिठ्ठ्या दिल्या.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी शेळ्या राखणारा एक पोरगा दारात उभा. हातात डबा. "चाचा, तुमचा मसाल्याचा डबा रानात राहिला होता. गोट्या बी तुमच्याच का?"

या खेळात खेळ ठाऊक नसलेल्या आणि चुकून डबा उचलणाऱ्या माणसासाठी वेगळा शब्दच आहे. भाच्याला फोन केला तेव्हा तो पोट धरून हसला. मी मात्र त्या पोराकडं पाहत राहिलो. त्यानं डबा उघडला होता, आतलं सगळं पाहिलं होतं आणि ज्याचं त्याला द्यायला दोन मैल चालत आला होता. त्याला मी वही उघडून दिली. पहिलं नाव त्याचंच लिहायचं ठरलं. शाळा मध्येच सुटलेली, तरी त्यानं सावकाश नाव लिहिलं, तारीख मला विचारली. मग चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय हाय?"

मी खडू शोधला. म्हटलं, "आडवी बेरीज कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा परत नेऊन बांधावर ठेवून आला. आता पोरं रविवारी तिकडे जातात. वहीचं तिसरं पान चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)